अप्पांच्या वाक्यातली दुरुस्ती

दुपारचा खेळ सुटलाय, संध्याकाळच्याला अजून अवकाश आहे. अशा वेळी तारांगणाच्या घुमटाखाली कुणी नसतं. रोहिणी खारकर मागच्या रांगेतल्या खुर्चीत रेलून बसते. मांडीवर नव्या निवेदनाचे कागद आहेत. ध्वनिमुद्रणाची तयारी झाली की हाक मारतो, असं ध्वनिमुद्रण करणाऱ्या तांबोळींनी सांगितलंय. वर पांढरा घुमट, मंद उजेड. तिचे डोळे मिटतात, उघडतात, आणि मग कधी मिटलेलेच राहतात ते तिला कळत नाही.

हे निवेदन तिने वाचायचं म्हणजे अप्पांचा आवाज इथून जायचा. तिचे वडील, दत्ताराम खारकर, आकाशवाणीवर बातम्या वाचायचे. इथला मराठी खेळ आजवर त्यांच्याच आवाजात चालत आलाय. त्यांना जाऊन तीस वर्षांच्या वर झाली. आई अजूनही अधूनमधून तिकीट काढून येते, अंधारात बसून ऐकते आणि घरी जाते. "तुझ्या मोबाइलमध्ये घालून देऊ का?" असं रोहिणीने एकदा विचारलं होतं. "नको गं," आई म्हणाली होती, "त्यात ते वरून बोलत नाहीत." आवाज बदलणार, हे आईला अजून सांगायचं आहे.

"सरक जरा," शेजारून कुणीतरी म्हणतं.

अप्पा आहेत. अर्ध्या बाह्यांचा करडा स्वेटर, बसताना गुडघ्यावर टेकलेला हात. रोहिणीला नवल वाटत नाही. ते आता तिच्याहून वयाने लहान दिसतात, त्याचंही वाटत नाही.

"ग्रह सापडले म्हणे," अप्पा म्हणतात.

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"रोज इथंच तर असतो. खेळात मी सांगतो, 'इतर ताऱ्यांभोवती ग्रह आहेत की नाहीत हे कुणालाच माहीत नाही,' की पोरं हसतात."

"हजारो सापडलेत, अप्पा."

"हजारो!" ते उठतातच. "चल, दाखव."

खुर्च्यांमधून जाणारी वाट खडीच्या खाणीत उतरते. लांबवर एक छोटा, तांबडा सूर्य आहे. अप्पा दोन्ही हात डोक्यावर धरून चालतात.

"हात खाली घ्या," रोहिणी म्हणते. "हा लघुग्रहांचा पट्टा आहे, त्या ताऱ्याभोवतीचा. यातले धोंडे इतके लांब लांब असतात, की एकावर उभं राहिलं तर दुसरा दिसतसुद्धा नाही."

"मी तर 'दगडांची दाटी' म्हटलंय."

"हो."

"म्हणजे तेही चुकलं?"

"तेही."

अप्पा हात खाली घेतात. पुढचं पाऊल स्वयंपाकघरात पडतं. घर त्यांचंच आहे, पण ओट्याच्या खिडकीत तो तांबडा सूर्य आडवा येऊन बसलाय आणि जागचा हलत नाही. ओटा हात ठेववणार नाही इतका तापलाय. मागच्या दाराशी माठातल्या पाण्याचा बर्फ झालाय.

"या ग्रहाची एकच बाजू कायम ताऱ्याकडे असते," रोहिणी सांगते. "तिकडे सतत दुपार, इकडे सतत रात्र. राहता आलंच तर या मधल्या पट्ट्यात."

अप्पा जेवणाच्या टेबलाशी, बरोब्बर मध्ये, उभे राहतात. "पाणी आहे?"

"असू शकेल. ताऱ्यापासूनचं अंतर तसं आहे."

"हवा?"

"ठाऊक नाही."

"मग राहण्याजोगा कसा म्हणता?"

"आधी 'कदाचित' लावतो."

अप्पांना ते पसंत पडतं. "चांगला शब्द आहे. पण नीट उच्चारायचा. लोक तो खातात."

रोहिणी धीर करते. "अप्पा, तुमचा आवाज काढणार आहेत. मला वाचायला सांगितलंय."

"मग वाच ना! रोज मला चुकीचं बोलायला लावताय. बातमी बदलली की दुरुस्ती वाचावी लागते. आमच्याकडे लगेच वाचायचो."

"आणि आई?"

अप्पा माठाचं झाकण उचलून पुन्हा नीट बसवतात. घरातली कुठलीही अवघड गोष्ट बोलायच्या आधी ते असंच काहीतरी उचलून ठेवायचे.

"तिला विचारलंस?"

"नाही."

"मग मला काय विचारतेस?"

ते स्वेटरच्या खिशातून ज्येष्ठमधाची काडी काढतात, मोडून अर्धी तिच्या हातावर ठेवतात. "चघळ. घसा कोरडा पडलाय तुझा." ती काडी तोंडात टाकते. त्यांना अजून थोडं थांबा म्हणावं, एवढ्यात खिडकीतला सूर्य फिकटत जातो आणि पांढरा घुमट होतो.

"मॅडम, या," तांबोळी दारातून हाक मारतात.

शेजारची खुर्ची मिटलेली आहे. रोहिणी तांबोळींना थांबायला सांगते आणि तिथूनच आईला फोन लावते.

"आई, तारांगणातला आवाज बदलणार आहेत. आता मी वाचणार."

आई विचारते, "ते ग्रहांचं वाक्य बरोबर होणार का?"

"होणार."

"मला फार दिवस खटकत होतं ते. त्यांना कुणी हसलेलं मला नाही चालत." मग म्हणते, "एकदा शेवटचं ऐकून घेते. मग बदला."

"उद्या ये. मी सांगून ठेवते."

"येते. आणि बोलताना तोंडात काय ठेवलंयस? तुझा 'स' फुटतोय."

"काही नाही गं," असं म्हणता म्हणता रोहिणीची जीभ दातांच्या फटीशी जाते. काहीतरी अडकलंय. ती नखाने ओढून काढते. पिवळसर, चघळून मऊ झालेला ज्येष्ठमधाचा एक धागा. अजून गोड आहे.