मैदानाकडे पाठ

चाचा फुटबॉलचं समालोचन मैदानाकडे पाठ करून करायचे. वाचणाऱ्याला छपाईत काही घोळ झाला असं वाटेल, म्हणून पुन्हा सांगतो. खेळ पाठीमागे, हातात माइक आणि तोंड प्रेक्षकांकडे. बेलापूरच्या खाडीकडच्या मैदानावर दर हिवाळ्यात रविवारी दुपारी आमची स्पर्धा भरायची. तिचे सगळे सामने चाचांनी असेच पार पाडले. मागे गोल झाला, गॅलरी उसळली की कुणाचीही मान आपोआप वळते. चाचांची वळत नसे. ते समोरच्या चेहऱ्यांकडे बघत शांतपणे विचारायचे, "दुर्बीण, कोणाचा?"

दुर्बीण म्हणजे मी. जाड भिंगाचा चष्मा होता, म्हणून हे नाव. चाचांच्या शेजारी, पण मैदानाकडे तोंड करून खुर्चीवर बसायचं आणि दिसेल ते त्यांच्या कानात सांगायचं, हे माझं काम. ते त्याला तिखटमीठ लावून माइकवर म्हणायचे. मला फुटबॉल कळतो असा कुणाचाच समज नव्हता, माझाही नव्हता. मैदानाला लागून असलेल्या सोसायटीत पहिल्या मजल्यावर माझा फ्लॅट होता आणि माइकची वायर माझ्या बाल्कनीतून सोडलेली असे. कमिटीत मला घेतलं ते क्रीडाप्रेमी म्हणून नव्हे, वीजपुरवठा म्हणून.

पहिल्याच वर्षी मी चाचांना तोंडघशी पाडलं. मध्यंतरानंतर दोन्ही संघ बाजू बदलतात हे मला कोणी सांगितलं नव्हतं. मी उरणच्या संघाचे दोन गोल उरणवरच चढवले. चाचांनी ते खणखणीत आवाजात जाहीर केले आणि समोर बघून थबकले. "दुर्बीण," ते माइकवर हात ठेवून म्हणाले, "गोल झाला म्हणतोस, मग उरणवाले नाचतायत कशाला? लग्न ठरलं का कोणाचं?" मग त्यांनी दोन्ही मनगटं डोक्यावर धरून फुली केली. याचा अर्थ, बातमी मागे घे. ती मागे घ्यायची मीच, माझ्याच तोंडानं. "घाण तू केलीस ना? मग झाडू पण तूच मार." मी माइक घेऊन म्हणालो, "माफ करा, गोल नाही." पुढे हे वाक्य मी इतक्यांदा म्हटलं की चाचांची फुली दिसली रे दिसली, पोरं माझ्या आधीच ओरडायची, "माऽऽफ करा!"

चाचा मूळचे उरणचे कोकणी मुसलमान. बेलापूरजवळच्या दिवाळे गावात, बंदराच्या वाटेवर त्यांचं जाळ्या आणि दोरांचं दुकान होतं. दाराशी जुनी फियाट. परिस्थिती बरी, पण तिघांत दोन चहा मागवायचे आणि बशीचा वाटा स्वतःकडे ठेवायचे. आपला आवाज रेडिओवर जायच्या लायकीचा होता, नशिबानं जाळ्यांत अडकला, असं त्यांना मनापासून वाटे. कोणी स्तुती केली की ते खाकरून आणखी एक वाक्य म्हणून दाखवत.

स्पर्धेच्या दिवशी मात्र ते सगळ्यांचा जीव खात. कुंपण पत्र्याचं, गॅलरी बांबूची, बाहेर पडायला एक मोठं फाटक आणि त्याच्या शेजारी पत्र्यांमधली एक अरुंद गल्ली. फाटक बाहेरच्या बाजूलाच उघडलं पाहिजे, आत नाही, म्हणून मांडववाल्याकडून ते त्यांनी दोनदा काढून बसवून घेतलं. येसूबाय नावाची दिवाळ्याची कोळीण गल्लीच्या तोंडाशी उकडलेल्या शेंगांची टोपली मांडून बसायची. चाचा तिला दर वर्षी उठवायचे.

"मना का उठवतस रं? मी काय फुटबॉल हाय?"

"बाय, तुझ्या टोपलीला एक अडकेल, त्याच्यावर दुसरा पडेल, दुसऱ्यावर तिसरा. मग शेंगा कोण घेनार तुझ्या?"

"अख्ख्या मैदानात या मानसाला माझीच टोपली दिसतं!" म्हणत ती उठे आणि उठताना दोन शेंगा त्यांच्या अंगावर फेकी. चाचा त्या सोलून खात.

भोंग्यांवरून तर कमिटीत भांडणच झालं. दोन भोंगे होते. चाचांनी एक गॅलरीकडे ठेवला आणि दुसरा उलटा फिरवून गल्लीच्या बाहेर, रस्त्याकडे तोंड करून बांधायला लावला. तिकीट न काढणाऱ्यांना फुकट समालोचन कशाला, असं आमचं म्हणणं. चाचा म्हणाले, "गर्दीत पुढच्याला सगळं कळतं, पन तो काय करनार? तो दाबलेला. मागच्याला हलता येतं, पन त्याला काय कळतच नाय. तो आपला ढकलतोय. माइक मागच्यासाठी असतो, बाबा." आम्ही माना हलवल्या. म्हातारा आवाज लांबवर जावा म्हणून हे करतोय, असंच आम्हाला वाटलं होतं.

सामना संपल्यावर तिकिटांच्या तुकड्यांवर लकी ड्रॉ असायचा. बक्षीस प्रेशर कुकर. चाचा एका गॅलरीचा ड्रॉ काढत, तिला निरोप देत, ती रिकामी होईपर्यंत कुकरच्या गुणांवर बोलत आणि मगच दुसऱ्या गॅलरीकडे वळत. कुकरसाठी लोक चिकटून बसत, शिव्या घालत आणि तुकड्यातुकड्यानं घरी जात. मी एकदा वैतागून म्हणालो, "चाचा, एका दमात उरका ना. लोकांना कंटाळा येतो."

"येऊ दे. कंटाळून कोन मरत नाय."

हे बोलणं त्यांच्या दुकानात चाललं होतं. तुम्ही एकदा तरी गोल बघा, मी कुठे कुठे पुरा पडू, असं मी चेष्टेत बोलून गेलो. चाचा दोर मापत होते. मापता मापताच म्हणाले, "बघितला होता एक. लय वर्षं झाली. परमुलखात, मोठं स्टेडियम. मी आनि माझा धाकटा भाऊ. आमची टीम हरत होती, म्हनून लवकर निघालो. जिन्यात होतो, तेवढ्यात वर गोल झाला. खाली गेलेले सगळे फिरले, वरचे उतरतच होते. त्याचा हात माझ्या हातात होता. मी पन वळलो. वर एका फटीतून मैदान दिसत होतं, तिकडं बघत राहिलो." दोराला गाठ मारून त्यांनी तो गिऱ्हाइकाकडे दिला. "गोल दिसला. हात नंतर रिकामा दिसला." मग मला म्हणाले, "माझ्या मैदानावरनं सगळी मानसं घरी गेली पायजेत. तेवढंच. कोन जिंकतो ते तू बघ."

त्यानंतर मी लकी ड्रॉबद्दल कधी बोललो नाही. गोलांच्या बाबतीत मात्र सुधारलो नाही.

त्या वर्षी अंतिम सामना उरण विरुद्ध मार्केट असा होता. मार्केट म्हणजे वाशीच्या एपीएमसीतल्या माथाडींचा संघ. माणसं साताऱ्याकडची, खांदे असे की चेंडूपेक्षा गोलकीपरच जाळ्यात जायचा. त्यांच्या पाठीराख्यांचा म्होरक्या तात्या, कांद्याच्या टोळीचा मुकादम. हे लोक टेम्पो भरभरून आले होते. गॅलरीत तीळ ठेवायला जागा नव्हती. सामना संपत आला तरी मार्केट एका गोलनं मागे होतं. संध्याकाळच्या गाड्या उतरवायला जायचं म्हणून तात्याची माणसं चरफडत उठू लागली.

नेमकं तेव्हाच कुणीतरी सांगत आलं की पाहुण्यांची गाडी मोठ्या फाटकाला चिकटून उभी आहे आणि फाटक उघडत नाहीये. पाहुणे पुढारी होते. ड्रायव्हर चहाला गेला होता. म्हणजे सगळी माणसं त्या एका गल्लीतून बाहेर पडत होती. चाचांनी माइक माझ्या हातात कोंबला.

"मी येईपर्यंत काय बोलू नको. अगदी राहावलं नाय तर कुकरबद्दल बोल."

ते गेले आणि मार्केटनं गोल केला. चेंडू जाळ्यात गेलेला मी पहिल्यांदाच नीट पाहिला होता, संघही बरोबर ओळखला होता आणि माइक माझ्या हातात होता. एवढा मोह मला झेपणारा नव्हता. मी खुर्चीवर उभा राहून किंचाळलो, "गोऽऽल! मार्केटचा गोल! बरोबरी!"

गॅलरीतल्यांना ते दिसलंच होतं. पण बाहेर रस्त्यावर टेम्पोंपर्यंत पोचलेल्यांना ते चाचांच्या उलट्या भोंग्यानं सांगितलं. ते सगळे आरोळी ठोकत गल्लीत परत घुसले. आतून बाहेर पडणारे अजून येतच होते. मधली माणसं उभीच्या उभी अडकली. आधी खूप आवाज होता, मग त्या गल्लीतून येणारा आवाज कमी झाला. ते जास्त वाईट होतं. पत्रे बाहेर फुगायला लागले. मी "शांत राहा, शांत राहा" म्हणत होतो. कुणाला म्हणत होतो, देव जाणे.

तेवढ्यात पत्र्यांच्या वर चाचा दिसले. ते पाहुण्यांच्या गाडीच्या बॉनेटवर चढले होते, गल्लीत घुसणाऱ्या बाहेरच्यांना हातांनी मागे सरायला खुणावत ओरडत होते. त्यांचा आवाज पोचत नव्हता. मग ते वळले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांचं तोंड मैदानाकडे झालं. खेळाकडे त्यांनी पाहिलं नाही, माझ्याकडे पाहिलं, आणि डोक्यावर मनगटांची फुली केली.

माझं तोंड सवयीनं उघडलं. "माफ करा, गोल नाही. ऑफसाइड. गोल नाही. मार्केटवाल्यांनो, परत येऊ नका, सामना गेला."

दुसऱ्या कुणी हे सांगितलं असतं तर लोकांनी वाद घातला असता. माझ्याबद्दल कुणाला शंकाच आली नाही. दुर्बिणीनं पुन्हा माती खाल्ली, एवढंच त्यांना कळलं. बाहेरचा लोंढा थांबला, माझ्या आईबापांचा उद्धार करत मागे सरकला. चाचा बॉनेटवरून गरजले, "तात्या, शिव्या नंतर! आधी गाडी उचल!"

"उतरा की मग खाली, चाचा!"

"मी राहू दे! उचल!"

टोळीनं ती गाडी चाचांसकट उचलली आणि कांद्याची गोण ठेवावी तशी बाजूला ठेवली. फाटक बाहेर उघडलं. गॅलरी तिकडून वाहू लागली, गल्ली सैल झाली. आतून जी माणसं निघाली त्यांना तात्याच्या लोकांनी हातोहात बाहेर घेतलं. एका पोराचा हात मोडला होता, दोघांच्या बरगड्या गेल्या होत्या, एका बाईची शुद्ध हरपली होती. येसूबायनं तिला मांडीवर घेऊन पाणी पाजलं. सगळे जिवंत होते. गल्लीत चपलांचा खच पडला होता. चाचा खाली बसून त्यांच्या जोड्या लावत राहिले. शेवटची जोडी लागेपर्यंत उठले नाहीत. लागल्यावर माझ्याकडे आले आणि पहिल्यांदा म्हणाले, "चहा पिऊ. दोघांत दोन."

पुढे बरीच वर्षं मी मार्केटात गेलो की गाळ्यागाळ्यातून हाळी उठायची, "आलं बघा ऑफसाइड!" कांदा मला त्याच भावात पण तळातला मिळायचा. गोल खरा होता, रेफरीनं तो दिलाही होता. पण चाचांनी उरलेला सामना खेळू दिला नाही आणि चषक दोघांत वाटून टाकला. तात्याला सगळं माहीत होतं, तरी तो मला माफ करायला तयार नव्हता.

नव्वदचं दशक संपता संपता मैदानावर इमारत आली आणि स्पर्धा बंद पडली. चाचांनी दुकान आवरून उरण गाठलं. लवकरच ते अंथरुणाला खिळले. मी आणि तात्या बसनं त्यांना भेटायला गेलो. चाचा पार वाळले होते, पण खोलीचं दार त्यांनी बाहेर उघडणारं करून घेतलं होतं.

आम्ही बसल्यावर म्हणाले, "दुर्बीण, तो मार्केटचा गोल. मी काय बघितला नाय. कसा झाला?"

मी खुर्ची पुढे ओढली. आयुष्यात पहिल्यांदा निवांत, कुणाच्या जिवाला धोका नसताना समालोचन केलं. कॉर्नरवरून चेंडू आला, मधल्या उंच गड्यानं छातीवर घेतला, डाव्या पायानं खाली मारला, गोलकीपर उलट्या दिशेला झेपावला. चाचा डोळे मिटून ऐकत होते.

तात्याला राहावेना. "आरं येड्या, डाव्या न्हवं, उजव्या पायानं! आन् कार्नर कुठला? फ्री किक हुती ती!"

चाचांनी डोळे उघडले. चादरीखालून दोन्ही हात हळूहळू बाहेर काढले. डोक्यापर्यंत ते जात नव्हते, म्हणून छातीवरच मनगटावर मनगट ठेवलं आणि माझ्याकडे बघत राहिले.

"माफ करा," मी म्हणालो, आणि सगळा गोल पुन्हा पहिल्यापासून सांगायला घेतला.