सरूबाईचा विस्तव

सरूबाई आमच्या बोरी बुद्रुकला पहिल्यांदा आली ती टेम्पोच्या मागे बसून, मांडीवर राखेने भरलेलं घमेलं घेऊन. जुन्नरच्या पश्चिमेच्या डोंगरातलं तिचं गाव. नवरा गेला, भाताच्या खाचरांवर पोट भरेना, म्हणून मुलाला, सावळेरामला, घेऊन ती खाली उसाच्या मुलखात मजुरीला आली. आमच्याच रानाच्या कोपऱ्यात माझ्या नवऱ्याने, कुशाबाने, त्यांना झोपडीपुरती जागा दिली. टेम्पोतून भांडीकुंडी उतरली, गोधड्या उतरल्या, पण घमेलं ती कुणाच्या हातात देईना. मी म्हटलं, "अगं, राख कशाला आणलीस एवढ्या लांबून? आमच्याकडं राखेचा दुष्काळ हाय व्हय?"

तिने बोटाने राख बाजूला केली. खाली लालबुंद निखारे होते.

"सासूच्या चुलीतला हाय," ती म्हणाली. "माज्या हातात आल्यापासून इझला न्हाई."

मी तेव्हा खूप हसले होते. काडेपेटी काय महाग झाली होती का? पण पुढे ओल्या पावसाळ्यात काडी पेटेना की मीच गोवरीचा तुकडा घेऊन तिच्या दारात जायची. आमची सगळी वस्तीच जायची.

संध्याकाळचा स्वयंपाक उरकला की तिचं काम सुरू व्हायचं आणि ते बघत बसायला मला आवडायचं. जळतं लाकूड बाहेर ओढून अंगणात विझवायचं. चुलीत फक्त निखारे ठेवायचे, तेही एकमेकांना चिकटून, आणि वर राखेचा जाड थर. चुलीच्या आसपास हातभर जागा झाडून लख्ख. काटकी नाही, चिंधी नाही. मग दाराच्या फटीत वरवंटा आडवा ठेवायचा, म्हणजे वाऱ्याने दार पूर्ण मिटणार नाही. कडाक्याच्या थंडीतसुद्धा. मी म्हणायचे, "बाई गं, थंडीनं मरशील की." त्यावर ती म्हणायची, "इस्तू निजवावा, कोंडू नये. कोंडला की त्यो डूख धरतो." कुडाच्या भिंती, वर कौलं. तशा घरात कोंडायचं म्हटलं तरी विस्तव कोंडला नसता. तरी वरवंटा दारात असायचाच.

सावळेराम मोठा झाला, ट्रॅक्टर चालवायला लागला, लोणीची इंद्रायणी बायको करून आणली. पहिली मुलगी झाली, मोहिनी. मग त्याने झोपडी पाडून स्लॅबची खोली बांधली. सरकत्या काचा, लोखंडी दार. गवंड्याला सरूबाई हात जोडून सांगत होती, भिंतीला वर एक झरोका ठेव म्हणून. सावळेराम खेकसला, "एवढा शिमेंट वतून घर बांधायचं आन् त्याला भोक पाडायचं? लोक हसतील." झरोका ठेवायचा राहूनच गेला. सरूबाईने आपली चूल बाहेर पडवीत नेली आणि स्वतःही तिथेच अंथरूण घातलं.

दोन हजार दोनच्या आसपासचे ते दिवस. आमच्याकडे उसात बिबट्या झाला होता. कुत्री जायची, शेळ्या जायच्या, आणि तालुक्यात माणसंही गेली होती. दिवस कलला की सगळं गाव दारं लावून घ्यायचं. परसाकडं जायचं तर चौघं मिळून, हातात बॅटरी आणि काठी. त्याच हिवाळ्यात इंद्रायणी दुसऱ्यांदा बाळंत झाली. पहिलं बाळंतपण माहेरी झालं होतं, म्हणून हे सासरी. मुलगा झाला. सावळेरामचे पाय जमिनीवर नव्हते.

आता बाळंतीण म्हटली की शेक आलाच. बाजेखाली शेगडी, निखाऱ्यावर ओवा आणि बाळंतशेपा. ते आमच्याकडे कुणी सोडत नाही, मी तरी कुठे सोडला होता! पण सरूबाईची रीत वेगळी. शेगडी आधी अंगणात ठेवायची. निखाऱ्यावर निळा जाळ नाचतोय तोवर तिला उंबरा ओलांडू द्यायचा नाही. शेकताना दार किलकिलं. शेकून झालं की शेगडी बाहेर पडवीत आणि वर राख. रात्रभर आत ठेवायची नाही म्हणजे नाही. इंद्रायणी लाडाने म्हणायची, "आत्याबाय, ऱ्हाऊ द्या की, ऊब लई बरी वाटती." सरूबाई तिच्या अंगावर आणखी एक गोधडी टाकायची आणि शेगडी उचलायची.

बाळाच्या बारशाच्या आधीच सरूबाईचा डोंगरातला भाऊ वारला. दशक्रियेला जाणं भाग होतं. निघताना मोहिनीला तिने माझ्याकडे निजायला ठेवलं आणि सावळेरामला माझ्यासमोर बजावलं, "निजायच्या आदी शेगडी भाईर काढ. दाराला वरवंटा लाव. ऐकलं का?"

"ऐकलं गं," सावळेराम म्हणाला. "तू काय मला कुक्कुलं बाळ समजती व्हय?"

मी स्वतः ऐकलं हे. माझ्या या कानांनी.

त्या आठवड्यात शेतीच्या पंपाची लाईट रात्रीची होती, त्यामुळे सावळेरामला उसाला पाणी द्यायला जायचं होतं. थंडी मरणाची पडली होती. त्याने शेगडी आतच ठेवली. कोळशाला धूर नव्हता, आणि धूर नाही म्हणजे काही नाही, असं त्याला वाटलं. ओली बाळंतीण, तिला उठायला लागू नये म्हणून वरवंटा पायाने बाजूला सारून त्याने दार ओढलं आणि बाहेरून कडी घातली. बिबट्याच्या भीतीने. पोरगा मायाळूच होता, वाईट नव्हता. म्हणूनच मला त्याचा अजून राग येतो, वाईट माणसाला निदान शिव्या तरी मोकळेपणी देता येतात.

सकाळी त्याची किंकाळी ऐकून मी धावले. कडी त्याने नुकतीच काढली होती. इंद्रायणी बाजेवर नव्हती. बाळाला छातीशी धरून दाराला टेकून पडली होती. तिचे गाल लाल होते, जशी आत्ताच चुलीसमोरून उठली असावी. बाळ गार. शेगडीत राख होती. वरवंटा बाहेर पायरीपाशी पडलेला, मी तो उचलून आणला आणि हातात घेऊन वेड्यासारखी उभी राहिले.

बिबट्या त्या रात्री आमच्याकडे फिरकलाही नव्हता. अंगणात कोंबडीच्या पायाशिवाय एक ठसा नव्हता.

दवाखान्यातल्या डॉक्टरांनी सांगितलं, कोंडलेल्या कोळशाचा वायू. त्याला ना धूर, ना वास. दुपारपर्यंत लोणीहून इंद्रायणीचा भाऊ भिमाजी माणसं घेऊन आला आणि त्याने सावळेरामची गचांडी धरली. "कोंडून मारलं का रे माज्या भनीला? भाईरनं कडी का घातली? चल पोलिसात!" तेवढ्यात निरोप मिळालेली सरूबाई जीपमधून उतरली. तिने एकदा आत बघितलं. एकदा माझ्या हातातल्या वरवंट्याकडे बघितलं. तिला सगळं कळलं, हे मला तिच्या तोंडावर दिसलं. मग ती भिमाजीच्या आणि लेकाच्या मध्ये जाऊन उभी राहिली.

"त्याला सोड," ती म्हणाली. "मी सांगून गेल्ते, शेगडी रातभर आत ऱ्हाऊ दे म्हून. दार बी घट लावून घे म्हनलं, पोराला वारं लागंल. त्यानं आईचं ऐकलं. चूक माजी हाय."

"सरूबाई, काय बोलतीस!" मी ओरडले. तिने माझं मनगट धरलं. असं धरलं की बांगडी फुटून रुतली. मी तरी बोलत होते, पण भिमाजीचा हात तोवर सावळेरामला सोडून तिच्यावर उठला होता, आणि बायकांच्या शिव्याशापांत माझं कोण ऐकतंय? रडणाऱ्या माणसांना ज्याच्यावर ओरडता येईल असं कुणीतरी लागतं, आणि म्हातारी बाई स्वतःहून पुढे आली होती. अडाणी म्हातारी, असं सगळे म्हणाले. पोलीसही तेच म्हणाले आणि अपघाताची नोंद करून गेले.

पुढे मी कितीदा तरी चारचौघांत खरं सांगितलं. लोक म्हणायचे, "ती सोता कबूल करती, आन् तुमी कोन सांगनाऱ्या?" आणि सावळेराम? पहिलं वर्ष तो आईच्या नजरेला नजर देत नव्हता. दुसऱ्या वर्षी दुसरी बायको आली, गॅस आला, आणि मग त्यालाही खरंच तसं वाटायला लागलं. आपल्या तोंडाने नव्या बायकोला सांगायचा, "आईला विस्तवाला हात लावू देऊ नको. तिच्या हातानं माजं घर बुडालं." पडवीतली चूल त्याने कुदळीने फोडली. सासूच्या चुलीतून डोंगर उतरून आलेला विस्तव त्या दिवशी अंगणात विझला. सरूबाई बाजूला उभी राहून बघत होती. वस्तीतली कुणीही तिच्याकडे विस्तव मागायला पुन्हा गेली नाही, तशा आता काडेपेट्याही बऱ्या निघतात.

परवाच्या थंडीत मला राहवलं नाही. सरूबाई पडवीत गोणपाटावर हातपाय पोटाशी घेऊन पडलेली. मी घमेल्यात निखारे भरून नेले आणि तिच्यापुढे ठेवले. पडवी तीन बाजूंनी उघडी, भिण्यासारखं काहीच नव्हतं. तिने आधी अंगणात नेऊन निळा जाळ जातो का बघितलं. मग परत आणून वाकड्या बोटांनी निखारे जवळ केले आणि वर राख लोटली. हात विसरले नव्हते.

तेवढ्यात मोहिनी शाळेतून आली. आता चांगली मोठी झालीय, आईच्याच तोंडवळ्याची. तिने दप्तर टाकलं आणि बादली आणली.

"आजी, हात काढ! तुला विस्तवातलं काय कळतं गं? माज्या आईला मारलंस, तेवढं पुरं न्हाई का झालं?"

मी तोंड उघडलं. सरूबाईने मान वर करून माझ्याकडे बघितलं, मनगट धरलं होतं तसंच.

"खरंय बाय तुजं," ती नातीला म्हणाली. "वत पानी."

मोहिनीने पाणी ओतलं. घमेल्यातून वाफ आणि राख उडाली. पोरीने आजीचा चेहरा आपल्या ओढणीने पुसला, कारण ती माणूस म्हणून वाईट नाही, आणि आत निघून गेली. दार लावलं तिने.

मग मात्र मी सरूबाईवर भडकले. "आता तरी सांग तिला. मरायला टेकलीस. कुणासाठी हे वझं घेऊन चाललीस?"

ती ओल्या राखेत बोट फिरवून बघत होती, एखादा निखारा राहिलाय का.

"आई न्हाई तिला," ती म्हणाली. "बाप तरी ऱ्हाऊ दे."

एकही निखारा राहिला नव्हता. मी घमेलं उचललं आणि घरी आले.