मधला ‘टे’

घरात तिला सगळे धाकटी म्हणत, आणि धाकटीच्या वतीने बोलायचं काम थोरल्या बहिणीचं. दुकानात गेलं की थोरली मागणार. दवाखान्यात धाकटीच्या पोटात दुखलं तरी कुठे दुखतंय ते थोरलीच सांगणार. वयाबरोबर तोतरेपण जाईल, असं सगळ्यांना वाटलं होतं. धाकटी चाळिशीला टेकली तरी ते काही हटलं नाही. एरवीही ती अडखळे, पण अवघड जोडाक्षर समोर आलं की तिची जीभ टाळूलाच चिकटे आणि ऐकणारा माणूस अवघडून दुसरीकडे बघू लागे. ते बघणं तिला जास्त लागे.

म्हणून तिने अडणारे शब्द वगळायची सवय लावून घेतली होती. ‘ग्लास’ नको, ‘पेला’. स्ट्रॉबेरीचं आइस्क्रीम जीव की प्राण, पण थोरली सोबत नसताना मागितलं ते कायम चिकूचं.

नोकरीही तिने न बोलण्याचीच पत्करली. संग्रहालयात शंख आणि गोगलगाईंचं दालन तिच्याकडे होतं. काचा पुसायच्या, शंखांच्या वळ्यांत बसलेली धूळ मऊ कुंचल्याने काढायची. तिथले गाईडकाका रोज पाहुण्यांना माहिती सांगत आणि ही पाठमोरी राहून ऐके. काका विनोद कुठे करणार आणि त्यावर लोक हसणार की नाही, इथपर्यंत तिला सगळं तोंडपाठ झालं.

मग काकांचा घसा बसला, तो बसलाच. डॉक्टरांनी गाईडचं काम सोडायला सांगितलं. काकांनी तिला कोपऱ्यात गाठून घोगऱ्या आवाजात सांगितलं, “प्रमुख बाईंना तुझं नाव सुचवलंय.”

“मा... माझं?”

“मग काय त्या शंखांचं? पुढच्या रविवारी एक गट घेऊन दाखव म्हणाल्या.”

थोरलीने ऐकलं आणि कपाळाला हात लावला. “अगं, कशाला हसं करून घेतेस? चारचौघांत अडलीस तर मी नसेन तिथे.”

“म्ह... म्हणूनच,” धाकटी म्हणाली.

संध्याकाळी पाहुणे गेले की ती रिकाम्या दालनात सराव करू लागली. काका स्टुलावर बसून ऐकत. हळूहळू का होईना, सगळं जमू लागलं. अडलं ते एका शब्दाशी, आणि तो नेमका दारावरच्या फलकावर, हातभर उंचीच्या अक्षरांत: ‘गॅस्ट्रोपोडा’. शंखवाल्या आणि बिनशंखाच्या अशा सगळ्या गोगलगाईंच्या वर्गाचं शास्त्रीय नाव. येणारा प्रत्येक गट पहिला प्रश्न त्याचाच विचारी. ‘गॅस्’पर्यंत धाकटी ठीक येई, ‘स्ट्रो’पाशी तोंडच मिटे.

“मराठीत उदरपाद म्हण आणि पुढे जा,” काका म्हणाले. “लोकांना काय पडलंय?”

“न... नाही. खूप व... वगळलंय आजवर.”

त्याच आठवड्यात कोठीघर आवरताना मोडक्या कपाटांमागे तिला दालनाचा जुना फलक सापडला. काळ्या लाकडावर सोनेरी अक्षरं, रंग उडालेली. तिने ओल्या फडक्याने पुसून वाचलं: ‘गॅस्टेरोपोडा’. रंगाऱ्याने घोळ घातलेला दिसतोय, असं मनात म्हणत तिने ते मोठ्याने उच्चारलं आणि तिथेच थबकली. शब्द सरळ बाहेर आला होता. मधल्या ‘टे’ने जिभेला पाय ठेवायला पायरी दिली होती. तिने पुन्हा म्हटलं. मग भिंतीकडे तोंड करून खणखणीत म्हटलं, आणि एकटीच हसत सुटली.

फलक उचलून ती तडक प्रमुख बाईंकडे गेली. “हे चु... चुकीचं आहे का?”

“छे, चूक कसली! जुनं लेखन आहे,” बाई म्हणाल्या. “आधीच्या ग्रंथांत असंही लिहीत. पुढे मधला स्वर गळाला. पण पाहुण्यांना आजचं नाव कळायला हवं हं. फलक त्यासाठीच बदललाय.”

बाईंचंही खरं होतं. धाकटी फलक घेऊन परत आली ती विचारातच.

रविवारी दालन भरलं. बाई आणि काका एका बाजूला, आणि सगळ्यांच्या मागे, तिकीट काढून गुपचूप आलेली थोरली. एका आजोबांनी काठी वर करून विचारलंच, “हे काय लिहिलंय हो?”

“ते... गॅस्... गॅस्...”

माणसं चपलांकडे बघू लागली. मागे थोरलीचे ओठ हलले, शब्द अगदी दातांपर्यंत आला. तिने पदर तोंडावर दाबून धरला.

धाकटीने श्वास घेतला. “माझी जीभ जो... जोडाक्षराला अडते. तुमची नाही ना? मग वरचं नाव तुम्हीच वाचा. सगळ्यांनी, मोठ्याने.”

“गॅस्ट्रोपोडा!” काचा थरथरतील असा आवाज झाला.

“शाब्बास! हे आजचं नाव. आता याचं जुनं नाव माझ्याकडून ऐका.” तिने मान ताठ केली. “गॅस्टेरोपोडा! म्हणजे पोट हाच ज्यांचा पाय आहे असे प्राणी.”

टाळ्या पडल्या. मग ती थांबलीच नाही. गोगलगाईच्या जिभेवर हजारो दात असतात हे सांगितलं, शंखाचं झाकण बोटाच्या चिमटीत धरून दाखवलं. मधूनमधून अडली, पण आता तिच्यावरून कुणाची नजर हटत नव्हती. काकांच्या एका विनोदाला लोक कधी हसत नसत; तो तिच्या तोंडी आल्यावर हसले. काकांनी तेवढं मात्र मनाला लावून घेतलं.

गट पांगल्यावर आजोबा थोरलीला म्हणाले, “फार छान सांगतात या बाई.”

“माझी बहीण आहे,” थोरली म्हणाली आणि पदराने डोळे पुसू लागली.

प्रमुख बाई पुढे आल्या. “उद्यापासून सकाळचा गट तुमचा.”

“आणि दु... दुपारचा?” धाकटीने विचारलं.

बाईंना हसू आवरेना. “घ्या, दुपारचाही घ्या.”