साक्षीतला खडा

“काका, आईला आत्ताच्या आत्ता खरं काय ते सांगा!”

आमच्या चर्चच्या मंडळीतल्या मावशींची मुलगी दारातूनच ओरडत आली. बाळकुमच्या हॉलमध्ये नुकतीच उपासना संपलेली, पाळकांनी आशीर्वाद दिलेला, लोक चहाकडे वळलेले. मी मात्र खुर्च्यांच्या रांगेत अडकलो होतो. एका बाजूला भिंत, दुसऱ्या बाजूला मावशी, पुढ्यात पाळक. त्यात मावशींनी माझा हात धरलेला. घोडबंदरच्या जॅममधून माणूस सुटेल, त्या पकडीतून नाही.

झालेलं असं, की मावशींच्या पित्ताशयात खडे निघाले होते. डॉक्टरांनी बजावलेलं, उशीर केलात तर जिवावर बेतेल. पण मावशी ऑपरेशनला तयार नव्हत्या. उपवास-प्रार्थना करीन म्हणत होत्या. त्यांचं म्हणणं, या भाऊंचा, म्हणजे माझा, मुतखडा नाही का नुसत्या प्रार्थनेने विरघळला?

आता त्या मुतखड्याचं सांगतो. आमच्याकडे साक्ष द्यायची पद्धत आहे. देवाने आपल्यासाठी काय केलं, ते उभं राहून सगळ्यांना सांगायचं. मी पहिल्यांदा सांगितलं तेव्हा खडा हरभऱ्याएवढा होता. मंडळी एका सुरात ‘आमेन’ म्हणाली आणि मला चटक लागली. नाताळला तो आवळ्याएवढा झाला, ईस्टरला लिंबाएवढा. कोलशेतच्या मंडळीत पाहुणा म्हणून गेलेलो, तिथे तर माझा रिपोर्ट बघून डॉक्टरांनीच गुडघे टेकले. ‘हालेलूया’ असा काही घुमला की बंद पंखे फिरायला लागले. डॉक्टरांनी दुर्बीण घालून लेझरने खडा फोडलेला, एवढा बारीकसा तपशील तेवढा साक्षीत कधी मावला नाही.

“सांगा ना, भाऊ,” पाळक हळूच म्हणाले.

मी म्हणून पाहिलं, की खड्याखड्यात फरक असतो, माझा जरा आज्ञाधारक होता. एरवी माझ्या खोकल्यालाही हसणारी मंडळी कप हातात धरून माझ्याकडे बघत उभी. मुलीचे डोळे भरलेले.

“मावशी,” मी म्हणालो, “माझा खडा डॉक्टरांनी काढला. प्रार्थना मी केली, पण ती टेबलावर झोपवल्यावर. घाबरून.”

मावशींनी हात सोडला नाही.

“ठाऊक होतं मला,” त्या म्हणाल्या. “भीती मलाही वाटते. माझ्या ऑपरेशनला येऊन बसा.”