आंब्यावरची बिनपानांची मुळं

एकही पान नसलेल्या झाडाचा तुम्ही कधी हेवा केला आहे का? मी केला आहे.

आम्ही जळकोटला मॅट्रिकच्या वर्गात होतो. माझ्या मित्राचे मामा घाटाकडं जंगलखात्यात होते. वादळात मोडलेल्या फांदीवरची दोन आमरं, म्हणजे ऑर्किडची रोपं, त्यांनी आणली. आमरं झाडाच्या सालीला धरून वाढतात. या दोन्हींना तर पानंच नव्हती, नुसता मुळांचा गुंता. मित्रानं एक मला दिलं.

"सालीला काथ्यानं बांध. सकाळी पाणी शिंपड. माती न्हाय घालायची बरं का."

मी चळवळीची पत्रकं वाचून वाढलेला. कसणाऱ्याला जमीन, तशी मुळाला माती, असं माझं ठरलेलं. काळी माती, शेणखत, रोज तांब्याभर पाणी. पंधरवड्यात मुळं कुजली.

त्याचं मात्र शाळेच्या विहिरीकाठच्या आंब्यावर जगलं. पाणी पडलं की राखाडी मुळं हिरवी होत. उन्हाळ्याच्या तोंडाला पिवळी फुलं आली. मास्तर सगळ्या वर्गाला घेऊन तिथं गेले. "पानांचं काम मुळंच करतात. आंब्याकडून हे फक्त जागा घेतं," असं सांगून त्यांनी मित्राच्या पाठीवर थाप मारली. मला तिथं उभं राहवेना.

दुसऱ्या दिवशी मी शाळेच्या भित्तिपत्रकात लिहिलं, 'दुसऱ्याच्या रसावर जगणारं बांडगूळ आपल्या आवारात कशाला?' हे खोटं आहे, हे मला माहीत होतं. मास्तर धाराशिवला गेलेले. श्रमदानाला जमलेल्या पोरांनी ते वाचलं आणि विळ्यानं आंब्याची साल मुळांसकट खरवडली. माझं लिखाण इतकं मनावर आजवर कुणी घेतलं नव्हतं.

मित्र खाली पडलेली मुळं वेचत होता.

"लई भारी लिवलंस गड्या. पण तुझं तर मातीत मेलं. त्येनं कुणाचा रस पिला हुता?"

ती खरवडलेली मुळंसुद्धा त्याच्याच हातात शोभत होती, याचाही मला राग आला.

आंब्याच्या त्या जागी त्यानं नवा काथ्या बांधून ठेवला आहे. तो अजून रिकामा आहे. तुमच्यापैकी कुणी घाटाकडं जाणार असेल, तर उभ्या झाडावरचं काही ओरबाडू नका. वाऱ्यानं पडलेल्या फांदीवर असा गुंता दिसला, तर ओलसर फडक्यात गुंडाळून आणा. माझ्या हाती देऊ नका. रोज सकाळी तो त्या विहिरीवर पाणी शेंदायला येतो. त्याच्याच हाती द्या.