फाइव्ह इंटू फोर

"फाइव्ह इंटू फोर डझन्ट गो, लव्ह."

सर म्हणाले आणि वर्ग हसला.

मी फळ्यापाशी उभी होते. हातात मार्कर. फळ्यावर एक आयत काढलेला, एक बाजू पाच, दुसरी चार. सरांनी क्षेत्रफळ विचारलं होतं, मी सांगितलं होतं. "फाइव्ह इंटू फोर, ट्वेंटी." पुण्याच्या इंग्लिश मीडियमच्या शाळेत मी हेच म्हणत मोठी झाले. आमच्या टीचर असंच म्हणायच्या. क्लासचे सर असंच म्हणायचे. इंटू म्हणजे गुणिले. यात हसण्यासारखं काय आहे, मला कळेना.

"डिडन्ट दे डू टाइम्स टेबल्स व्हेअर यू कम फ्रॉम?"

मला तिसापर्यंत पाढे येत होते. मी मार्करला टोपण लावलं आणि जागेवर जाऊन बसले. गप्प राहणं मला चांगलं जमायचं.

लंडनमधला तो माझा पहिला आठवडा. ईलिंगमधली सरकारी शाळा, नववीचा वर्ग. सगळ्यात आधी हसले ते गोरे चेहरे नव्हते. आमच्यासारखेच होते. इथेच जन्मलेले, केसांना जेल लावलेले, आईबापांची भाषा फक्त शिव्यांपुरती येणारे. मधल्या सुट्टीत त्यातली एक मान हलवत माझ्यासारखं बोलून दाखवत होती. "इंटू, इंटू! फ्रेशी कुठली!" फ्रेशी म्हणजे विमानातून नुकतीच उतरलेली. ताजी मासळी म्हणावी तसं.

नंतर कळलं, की इथे गुणिलेला टाइम्स म्हणतात. इथे फाइव्ह इंटू फोर म्हणजे चारात पाच किती वेळा जातात. जात नाहीत. म्हणजे सर त्यांच्या जागी बरोबर होते आणि मीही बरोबर होते. फरक एवढाच, की फळा त्यांचा होता.

त्याच आठवड्यात मला गणिताच्या खालच्या सेटमध्ये टाकलं. या शाळांत मुलांना विषयागणिक हुशारीप्रमाणे वेगळ्या खोल्यांत बसवतात, त्याला सेट म्हणतात. पहिला सेट नव्या इमारतीत होता. आमचा सेट मैदानाच्या कडेला, पत्र्याच्या खोलीत. थंडीत हीटर बंद आणि जूनमध्ये चालू. आम्हालाही तेच सर होते, पण आमच्या खोलीत ते बसून शिकवायचे. पहिल्या सेटमध्ये उभे राहायचे. मी दारातून पाहिलं होतं.

खोलीत कोण होतं ते मी हळूहळू पाहिलं. सोमालियातून आलेली होडान, माझ्याच बाकावर. काबूलचा एक मुलगा. जवळच्या कौन्सिलच्या, म्हणजे स्वस्त भाड्याच्या सरकारी, फ्लॅट्समधली गोरी मुलं, ज्यांना सर नावाने नाही, "यू लॉट" म्हणून हाक मारायचे. मूर्ख कुणीच नव्हतं. होडान उत्तर आधी काढायची आणि मग कंटाळून खोडरबर कुरतडायची.

दहावीत पेरेंट्स इव्हनिंग आली. शाळेच्या हॉलमध्ये टेबलं मांडलेली, प्रत्येक टेबलामागे एक टीचर, समोर आईबाप. बाबा मेडनहेडच्या ऑफिसातून थेट आले. गळ्यात ऑफिसचं आयकार्ड तसंच. बाबा मूळचे नागपूरचे. सॉफ्टवेअरमध्ये, वर्क परमिटवर. शिक्षकांसमोर त्यांची पाठ आपोआप वाकते.

"लव्हली गर्ल," सर म्हणाले. "ब्यूटिफुल मॅनर्स."

"थँक यू, सर."

"शी'ल बी व्हेरी कम्फर्टेबल इन इंटरमिजिएट."

बाबांचा चेहरा फुलला. ते खुर्चीवरून उठले. सरांचा हात दोन्ही हातांत धरला. "थँक यू सो मच, सर. थँक यू."

महाराष्ट्रात ज्याने चित्रकलेच्या ग्रेड परीक्षा दिल्या आहेत, त्याला हे समजावून सांगावं लागणार नाही. आधी एलिमेंटरी, मग इंटरमिजिएट. इंटरमिजिएट म्हणजे वरची. इंटरमिजिएट झालेल्याची ऐट वेगळी. पुण्यात मी एलिमेंटरी दिली होती आणि इंटरमिजिएटच्या आधीच आम्ही देश सोडला होता. त्यामुळे मलाही बरं वाटलं. खोटं कशाला सांगू, मलाही वाटलं की बढती मिळाली.

घरी शिरताना बाबा बुटांसकट आत आले. "अगं ऐकलंस का? थेट इंटरमिजिएट! मला पठ्ठ्याला एलिमेंटरीतच सी ग्रेड होती."

"अहो, ती चित्रकला. हे गणित आहे," आई म्हणाली. "आणि बूट काढा."

"परीक्षा ती परीक्षा गं."

आईने शिरा केला. बाबांनी पुण्याला काकांना फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. काका म्हणाले, "शाब्बास! साहेबांच्या देशात आपल्या पोरीने नाव काढलं."

दुसऱ्या दिवशी बसच्या वरच्या मजल्यावर मी हे होडानला सांगितलं. ती हसेल असं वाटलं होतं. ती हसली नाही.

"तुझ्या बाबांना कुणी सांगितलं नाही?"

"काय?"

"सोळाव्या वर्षीच्या परीक्षेला गणिताचे पेपर तीन असतात, द्यायचा एकच. फाउंडेशन, इंटरमिजिएट, हायर. आपल्या सेटला मधला. त्यात सगळंच्या सगळं बरोबर आलं तरी ग्रेड बी. त्याच्या वर छत."

"छत?"

"छत. ए नाहीच. माझ्या भावाला विचार. आणला त्याने बी. मग सिक्स्थ फॉर्मला गेला, ए-लेव्हलला मॅथ्स मागितलं. म्हणाले, हायरचा पेपर दिलेल्यांनाच." तिने खिडकीवरच्या वाफेवर बोटाने रेघ ओढली. "आता हीथ्रोला बॅगा चढवतो. आणि घरी येऊन मला विमान कसं उडतं ते समजावतो. डोकं खातो नुसता."

ए-लेव्हल म्हणजे सोळाव्या वर्षानंतरची, सिक्स्थ फॉर्मची दोन वर्षं. युनिव्हर्सिटीचा जिना तिथूनच सुरू होतो. मला गणितच करायचं होतं. हे मी कुणाला मोठ्याने सांगितलं नव्हतं, पण मला दुसरं काहीच करायचं नव्हतं. आणि त्या जिन्याचं दार माझ्यासाठी कधीच बंद झालं होतं. पहिल्याच आठवड्यात. एका इंटूवर.

आणि आम्ही शिरा खाल्ला होता.

मला हसले होते, ते मी गिळलं होतं. फ्रेशी गिळलं. पत्र्याची खोली गिळली. पण बाबा उठले होते. माझ्या डोक्यावर छत घालणाऱ्या माणसाचा हात त्यांनी दोन्ही हातांत धरला होता. आणि त्या माणसाला कळत होतं की समोरच्याला कळलेलं नाही. तरी तो गोड हसला होता. हे मला गिळता येईना.

घरी सांगितलं. बाबांनी चहाचा कप बाजूला सरकवला.

"सरांनी काही विचार केला असेल, बाळा. त्यांना जास्त कळतं."

"बाबा, त्यांनी तुम्हाला सांगितलं नाही."

"आपण इथे परमिटवर आहोत. शाळेशी वाद नको."

आई ओट्यापाशी होती. वळलीही नाही. "परमिट तुमच्या नोकरीचं आहे. तिच्या डोक्याचं नाही."

सोमवारी तास संपल्यावर मी थांबले. वाक्यं पाठ केली होती. इंग्रजी उच्चार घोटून घेतले होते, बाथरूमच्या आरशासमोर. सर वह्या गोळा करत होते.

"सर, मला हायरचा पेपर द्यायचाय."

"हायर ए-लेव्हलला जाणाऱ्या मुलांसाठी असतो."

"मला जायचंय."

त्यांनी वह्या खाली ठेवल्या. आवाज मऊ झाला. "आय डोन्ट वॉन्ट यू टू बी डिसअपॉइंटेड, लव्ह. तू इथे कम्फर्टेबल आहेस."

पाठ केलेलं सगळं गेलं. उच्चारही गेले. तोंड उघडलं आणि पुणं बाहेर आलं.

"सर, फाइव्ह इंटू फोर इज ट्वेंटी."

"सॉरी?"

"आमच्याकडे इंटू म्हणजे टाइम्स. त्या दिवशी तुम्ही मला विचारलं नाहीत. मला काय म्हणायचंय ते."

त्यांच्या मानेवर लाली चढली. त्यांना आठवत होतं. "ते फार जुनं झालं."

"हो. तेव्हापासून मी या खोलीत आहे."

  सरांनी मागची एक हायरची प्रश्नपत्रिका माझ्यासमोर टाकली. मी सोडवली. जे शिकवलंच नव्हतं ते सोडून बाकी सगळं आलं. त्यांनी तपासलं. पुन्हा वरून तपासलं.

"ऑल राइट," म्हणाले. "तुझ्यापुरतं बघता येईल. यू आर ॲन एक्सेप्शन."

मला एवढंच हवं होतं. थँक यू म्हणायचं आणि निघायचं. शब्द ओठापर्यंत आलाही. आणि मग दिसलं, की हाच शब्द बाबांकडून घेतला होता. एक्सेप्शन म्हणजे काय? म्हणजे खोली बरोबर आहे, फक्त मी चुकून आत आले. खोलीतले बाकीचे तिथलेच.

"होडानला पण द्या हा पेपर," मी म्हटलं. "आणि ज्यांना हवाय त्या सगळ्यांना."

"डोन्ट पुश इट."

आणि त्यांनी बाबांना बोलावलं.

बाबा रजा टाकून आले. टाय लावून. सर परत तेच बोलले. रिअलिस्टिक. फॉर हर ओन गुड. कम्फर्टेबल. बाबा मान डोलवत होते. मी त्यांच्या ओठांकडे पाहत होते, थँक यू कधी येतं याची वाट बघत.

"सर," बाबा म्हणाले, "इन इंटरमिजिएट, इफ ऑल आन्सर्स आर करेक्ट, व्हॉट इज द हायेस्ट?"

"अ बी."

"ऑल करेक्ट?"

"वेल, येस."

बाबा उठले. हात पुढे केला नाही. "शी विल सिट फॉर हायर. अँड हर फ्रेंड. वी विल वेट आउटसाइड."

आम्ही बाहेर कॉरिडॉरमध्ये बसलो. लहान मुलांच्या खुर्च्यांवर, गुडघे वर आलेले. ऑफिसचा फोन खिशात वाजत होता, बाबा उचलत नव्हते. येणारेजाणारे बघत होते. बाबांना घाम फुटला होता. पण ते उठले नाहीत. शेवटी हेडबाईंनी आम्हाला आत घेतलं. पेपर मागणाऱ्याला मिळेल, म्हणाल्या. शिकवणं मिळेल असं म्हणाल्या नाहीत.

मिळालंही नाही. जे शिकवलं नव्हतं ते मी आणि होडान लायब्ररीत जेवणाच्या सुट्टीत शिकलो. काबूलचा मुलगाही यायचा. लायब्ररीत खायला बंदी होती, होडान बाहीत चिप्स लपवून आणायची. "ट्रिग्नॉमेट्री उपाशीपोटी होत नाही," म्हणायची.

मला ए मिळाला. होडानला बी. हायरचा बी. भावाचं अक्षर तेच, पण तिला दार उघडलं. आम्ही दोघी पायऱ्यांवर बसलो होतो. ती म्हणाली, "माझा भाऊ माझ्याहून हुशार आहे." 

इथे गोष्ट संपली असती तर बरं झालं असतं. ए-लेव्हलला गेल्यावर कळलं, की गणितात पुढे जायचं तर आणखी एक विषय लागतो. फर्दर मॅथ्स. आमच्या शाळेत तो नव्हता. टेकडीवरच्या फी घेणाऱ्या शाळेत होता. आम्ही दोघी सिक्स्थ फॉर्मच्या मॅडमकडे गेलो.

"देअर इज नो डिमांड फॉर इट हिअर," त्या म्हणाल्या.

"मिस," होडान म्हणाली, "वी आर स्टँडिंग हिअर."

तरी नाही सुरू झाला. होडान फार्मसीकडे वळली. मी फर्दर मॅथ्सशिवाय युनिव्हर्सिटीत गेले. पहिल्याच लेक्चरला सर म्हणाले, मेट्रिसेस तुम्ही सगळ्यांनी केल्याच असतील, पुढे जाऊ. टेकडीवरच्या शाळांतली मुलं वही मिटून निवांत बसली होती. मी हात वर केला. सगळ्या हॉलने मान वळवली. म्हटलं, "मी केल्या नाहीत. आमच्या शाळेत हे शिकवत नाहीत." माझा आवाज बारीक होता. पण शेवटच्या रांगेपर्यंत गेला.

आता मी शिक्षक होण्याचं ट्रेनिंग घेते आहे. तशाच एका शाळेत. इंटरमिजिएट गेलं, आता दोनच पेपर आहेत. शब्द गेला, छत आहे. खालच्या पेपरला सगळं बरोबर आलं तरी आता सी. परवा स्टाफरूममध्ये मी फर्दर मॅथ्सचा विषय काढला. मी तिथे सगळ्यात नवी, सगळ्यात कमी बोलणारी.

"आपल्या मुलांना झेपणार नाही," एक जण म्हणाला. "दे'ल स्ट्रगल."

"करू देत. वर्ग मी घेईन. शाळा सुटल्यावर."

"कितीजण येतील?"

"एक आली तरी घेईन."

"त्यांना उगीच आशा लावू नकोस. आहेत तिथे कम्फर्टेबल आहेत."

"त्यांना विचारलंत?"

 

पेरेंट्स इव्हनिंगला मी आईबापांना आधी छत सांगते. या पेपरला वरची ग्रेड कोणती, तिच्यापुढे कुठलं दार बंद होतं. कौतुक नंतर. कुणी थँक यू म्हणायला उठलं तर मी म्हणते, बसा. आधी विचारा. मला उशीर होतो, मागे रांग लागते, हेड ऑफ डिपार्टमेंट घड्याळाकडे बघतात. बघू देत.

आणि वर्गात मी इंटू म्हणते. मुद्दाम. फाइव्ह इंटू फोर, ट्वेंटी. पहिल्या दिवशी मुलं हसली. मी हसू संपेपर्यंत थांबले. मग एकेकाला विचारलं, तुला काय ऐकू आलं? तुझ्या घरी याला काय म्हणतात? आणि सगळं लिहून घेतलं. सोमाली, काबूलकडची दारी, पोलिश, इंग्रजी.

फळा आता माझ्याकडे आहे. मी तो परत देणार नाही.