मिक्सरच्या चपला

आमच्या स्वयंपाकघरात चपला घालून पाऊल टाकायची कुणाची टाप नव्हती. या खेपेला माहेरी गेले, तर आईच मिक्सरसमोर रबरी चपला घालून उभी. मी चिडलेच.

"मुंग्या देऊन राहिला मिक्सर," ती शांतपणे म्हणाली. "चपला घातल्या की न्हाई देत. धुतलेल्या हायेत, मिक्सरच्याच हायेत ह्या."

म्हणजे करंट लागत होता, अन् तिनं त्यावर सोवळ्यातल्या चपलांचा उपाय काढला होता. मला फोनवर सांगायला काय झालं होतं?

बाळापूरच्या बाजारातून नवी पिन आणली. जुनी खोलली, तर आतली अर्थिंगची हिरवी वायर तुटून लोंबत होती. माझी बडबड चालूच होती. बडबडतच तिन्ही वायरी सोलल्या, जागच्या जागी बसवल्या, स्क्रू आवळले अन् पिन बोर्डात लावली.

"आता अनवाणी चालव खुशाल," म्हणत मी मिक्सरच्या बटणाकडे हात नेला.

"थांब."

तिनं आपल्या चपला काढल्या अन् पायानंच माझ्याकडे सरकवल्या.

"आधी ह्या घाल, बाई. मला मुंग्यांची सवय हाय."